सॉनिक यूथच्या गिटारीत भूप कुठून आला?

सॉनिक यूथचं नाव निघालं की गाणं शिकलेल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘टीन एज रायट’ ऐकताना मागे भूप वाजतोय असं वाटतं, तर या न्यूयॉर्कच्या बँडवर आपल्या संगीताचा प्रभाव होता का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

तुमचा कान चुकलेला नाही. १९८८च्या ‘डेड्रीम नेशन’ या अल्बममधलं हे गाणं. त्यात बँडचा गायक-गिटारवादक थर्स्टन मूरच्या गिटारीच्या सहा तारा जाड तारेपासून जी, ए, बी, डी, ई, जी अशा लावलेल्या आहेत. पेटीवर पांढरी पाचचा सा धरा आणि हेच स्वर वाजवून बघा: सा रे ग प ध सां. डावा हात न लावता नुसता उजवा फिरवला तरी भूपाचा आरोह निघतो. पण याच पाच स्वरांत देसकारही बसतो. भूप गंधाराशी रमतो, देसकार धैवताशी, आणि कुठे रमायचं हे मोकळ्या तारा सांगू शकत नाहीत. मूरला तिथे राग नको होता. एकमेकांच्या जवळ लावलेल्या तारांची दाट गुंज हवी होती. त्याच गाण्यात बँडचा दुसरा गिटारवादक ली रनाल्डोची गिटार मात्र जी जी डी डी जी जी लावलेली आहे. म्हणजे सा सा प प सा सा. ही तर उघड उघड तंबोऱ्याची जुळणी.

थोडक्यात, भूप हा योगायोग. तंबोऱ्याचं मात्र तसं नाही. तो तीन-चार हात फिरून आला.

त्यातला पहिला हात अमेरिकी संगीतकार ला माँट यंग यांचा. १९५७ मध्ये त्यांच्या कानावर अली अकबर खाँ यांची एलपी पडली आणि सरोदाइतकाच मागचा तंबोरा त्यांच्या मनात बसला. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ते आपल्या गटाकडून एकेक स्वरसंगती तासन्‌तास धरून ठेववून घेत. त्या गटात जॉन केल व्हायोला वाजवायचा. एका गजात अनेक तारा एकदम वाजाव्यात म्हणून त्याने घोडीचा बाक घासून सपाट केला आणि वर गिटारच्या तारा चढवल्या. हाच केल पुढे लू रीडबरोबर व्हेल्वेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये आला. गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वराला लावायची खोड रीडला आधीपासूनच होती. १९६७च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधली ती न थांबणारी गुंज या दोघांची.

इथे मिरजेच्या आसपासची माणसं उत्साहाने एक धागा जोडतात. यंग यांचे गुरू पंडित प्राणनाथ, त्यांचे गुरू किराण्याचे अब्दुल वहीद खाँ, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचंच घराणं, आणि खाँसाहेब तर मिरजेचे. धागा खरा आहे, पण तारखा जुळत नाहीत. प्राणनाथ अमेरिकेत गेले १९७० मध्ये. व्हेल्वेटची गुंज त्याआधीची, तेव्हा ती किराण्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

सॉनिक यूथकडे ही गुंज आणखी एका वाटेने पोचली. यंग यांच्याकडे शिकलेल्या ऱ्हिस चॅटमने १९७७ मध्ये ‘गिटार ट्रिओ’ रचलं: विजेच्या गिटारी, जवळजवळ एकच स्वर, आणि सगळं लक्ष त्या स्वरातून वर उठणाऱ्या उपस्वरांकडे. त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या ग्लेन ब्रांकाने पुढे गिटारींचा वाद्यवृंदच उभा केला. ब्रांकाच्या १९८१च्या ‘द असेन्शन’ या अल्बमवर रनाल्डो आहे, आणि मूरनेही ब्रांकाच्या वाद्यवृंदात वाजवलं. सॉनिक यूथची १९८२ची पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी, ब्रांकाच्याच ‘न्यूट्रल’ लेबलवर निघाली. गंमत म्हणजे तिच्यात गिटारी बहुतेक नेहमीच्याच जुळणीत आहेत. जुळणी सुटली ती पुढच्या वर्षीच्या ‘कन्फ्यूजन इज सेक्स’पासून. कारण फार तात्त्विक नव्हतं. हातात स्वस्तातल्या गिटारी होत्या, आणि नेहमीच्या जुळणीत त्या धड वाजत नसत. दोन-तीन तारा एका स्वराला आणल्या की त्याच गिटारीतून काहीतरी वेगळंच बाहेर पडायचं.

आता हे हाताने करून बघायचं असेल तर. घरातल्या गिटारीच्या नुसत्या खुंट्या पिळून ही जुळणी बसत नाही. सगळे इथेच अडकतात.

तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून जी वर नेली, म्हणजे तीन अर्धस्वर चढवली, की ताण सुमारे ४१ टक्के वाढतो. एक तर तार तुटते, नाही तर मान वाकते. उलट दुसरी तार बी वरून खालच्या ई वर आणली की ताण जेमतेम ४५ टक्के उरतो. ती फ्रेटवर लोळते, आणि बोट जरा जोरात पडलं की स्वर चढतो. उपाय सोपा आहे. जितकी कंपनसंख्या वाढेल तितकी तार बारीक घ्यायची, कमी होईल तितकी जाड, म्हणजे ताण पहिल्याइतकाच राहतो. दहाच्या नेहमीच्या सेटवरून (ज्यातली सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) हिशेब केला तर भूपाच्या जुळणीला जाडीकडून बारकीकडे साधारण ०.०३८, ०.०३६, ०.०३०, ०.०२६, ०.०२० आणि ०.०१७ इंचाच्या तारा लागतात. शेवटच्या दोन साध्या, बाकीच्या गुंडाळलेल्या. असा सेट तयार मिळत नाही. तारा सुट्या घ्याव्या लागतात.

मग नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, आडवा येतो. ०.०१३च्या तारेसाठी कापलेल्या खाचेत ०.०२०ची तार घट्ट बसते. खुंटी फिरवली तरी स्वर हलत नाही, आणि मग एकदम ‘टिंग’ करून भलतीकडे उडी मारतो. खाच रुंद करायची, पण तळ खोल करायचा नाही. तळ खोल गेला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते, आणि ती खरखर काही तंबोऱ्याची जवारी नव्हे. तारा बदलल्या की घोडीवर प्रत्येक तारेची लांबीही नव्याने जुळवावी लागते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच नुसता स्पर्शाचा स्वर एक यायला हवा.

तिसरी अडचण कानाची. ट्यूनरवर लावलेला बी हा तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. ट्यूनरवर विसंबलात तर मोकळ्या तारांत तो गंधार खटकतो. कानाने उतरवलात तर मोकळ्या तारा गोड लागतात आणि आडवं बोट टाकून सहाही तारा एकदम दाबल्या तरी नातं टिकतं, पण कीबोर्ड किंवा दुसरी गिटार सोबत आली की पुन्हा भांडण. रनाल्डोच्या सा-प जुळणीत गंधारच नाही, त्यामुळे तिच्यात हा तंटा उद्भवत नाही.

दुसरी प्रसिद्ध जुळणी १९९०च्या ‘कूल थिंग’ची: चार तारा एफ शार्पला, मग ई, मग बी. एफ शार्पला सा मानलं तर चार सा, कोमल नी आणि मध्यम. इथे चार सा अगदी तंतोतंत जुळवायचे नाहीत. एकाच सप्तकातल्या दोन तारांत एका हर्ट्झचा फरक ठेवला की सेकंदाला एक आंदोलन होतं, आणि एकटी गिटार हलत्या घोळक्यासारखी वाजते. फरक चार-पाच हर्ट्झवर गेला की ती नुसती बेसूर. तंबोऱ्याची जोडी लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

सॉनिक यूथच्या स्क्रूड्रायव्हरचा प्रकारही लोक विचारतात. तारांखाली स्क्रूड्रायव्हर किंवा ड्रमची काडी घातली की आणखी एक घोडी तयार होते. ती बाराव्या फ्रेटवर ठेवली तर दोन्ही बाजूंना एकच स्वर. सातव्यावर ठेवली तर तारेचे एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश असे भाग पडतात, आणि लहान भाग मोठ्याच्या बरोब्बर वरच्या सप्तकात बोलतो. या स्थानांपासून जरा सरकली की घंटेसारखा फुटका आवाज. बहुतेक वेळा त्यांना तोच हवा असायचा.

एवढं सगळं सांगून त्यांच्या आवडी निम्म्याच झाल्या. ‘कन्फ्यूजन इज सेक्स’वर स्टूजेसचं गाणं आहे. १९८६ मध्ये ‘चिकोनी यूथ’ या नावाने त्यांनी मॅडोनाचं गाणं घेतलं आणि १९९४ मध्ये कार्पेंटर्सचं, आणि दोन्हींमागे थट्टेपेक्षा आवड जास्त आहे. ‘डेड्रीम नेशन’ ज्या ग्रीन स्ट्रीट स्टुडिओत झाला, तिथला ध्वनिमुद्रक निक सान्सानो पब्लिक एनिमीसोबत काम केलेला, मुख्यतः हिपहॉपमधला. १९८५ मध्ये आलेला ड्रमर स्टीव्ह शेली हार्डकोरमधून, म्हणजे वेगवान पंकमधून आला होता. माझ्या मते या बँडचं खरं नशीब हा शेलीच. त्याचा ठेका सरळ आणि घट्ट आहे, म्हणून वरच्या गिटारींचं डोलणं पेलतं. ब्रांकाचे वाद्यवृंद अंगावर येतात, सॉनिक यूथवर पाय हलतो.

आणि हो, या बँडला इतक्या गिटारी कशाला, हाही प्रश्न असतोच. जुळणीप्रमाणे तारांची जाडी बदलते, त्यामुळे मंचावर दोन गाण्यांच्या मधे खुंट्या फिरवून भागत नाही. दर जुळणीला वेगळी गिटार लागते. फेंडरच्या जॅझमास्टर आणि जॅग्वार या गिटारी त्या काळी फॅशनबाहेर गेल्या होत्या, सेकंडहँड स्वस्त पडत, आणि घोडीमागे तारेचा लांब तुकडा मोकळा असल्याने तोही वाजवता येई. जुलै १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज इथून त्यांचा वाद्यांनी भरलेला ट्रक चोरीला गेला. त्या गिटारींबरोबर वर्षानुवर्षं जमवलेल्या जुळण्याही गेल्या. इतर बँडने नव्या गिटारी आणून जुनीच गाणी वाजवली असती. यांना २००० सालच्या ‘एनवायसी घोस्ट्स अँड फ्लॉवर्स’साठी उरलीसुरली आणि नव्याने आणलेली वाद्यं हातात घेऊन जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.