सॉफ्ट लायनरमध्ये औषध मिसळताना: माझा अनुभव

एमडीएसला (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) प्रोस्थो, म्हणजे कवळ्या-कृत्रिम दातांचा विषय, घेतलं की डिसर्टेशनचा विषय पहिल्याच वर्षी ठरवावा लागतो. मी सॉफ्ट लायनर घेतलं. हिरड्या दुखणाऱ्यांच्या कवळीला आतून लावतात तो मऊ थर. आराम पडतो खरा, पण त्यावर कॅन्डिडा बुरशी सहज वाढते. म्हणून लायनरमध्येच फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध घालायचं आणि त्यानं मऊपणा नि कवळीशी असलेली पकड किती बदलते ते मोजायचं.

गाईड मॅडमनी आधी विचारलं, "सिलिकॉनचं की अ‍ॅक्रिलिकचं?" सिलिकॉनचं बहुतेक वेळा कार्ट्रिजमधून मिसळूनच बाहेर येतं, त्यात पावडर घालणार कुठे? अ‍ॅक्रिलिकचं पावडर-लिक्विडमध्ये मिळतं, तेच घेतलं. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी वगैरे सोपस्कार सगळ्यांनाच असतात, ते सोडून देते.

खरा वेळ खाल्ला मिसळण्यानं. औषध नुसतं पावडरीत टाकून ढवळलं की गुठळ्या राहतात. सेट झालेल्या पट्टीत पांढरे ठिपके डोळ्यांना दिसतात. मग दोन्ही पावडरी खलात थोड्या-थोड्या घोटायच्या, चाळायच्या, आणि नंतरच लिक्विड. तेही भराभर, कारण मिश्रण घट्ट होऊ लागलं की साच्यात हवेचे बुडबुडे अडकतात.

नमुने ३७ अंशांवर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवले. कडकपणा मोजणाऱ्या शोअर ए ड्युरोमीटरचा आकडा सगळ्याच गटांत चढत गेला, औषध नसलेल्यातही. या लायनरला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर पॉलिमरशी रासायनिकरीत्या बांधलेलं नसतं. ते आणि लिक्विडमधलं अल्कोहोल पाण्यात निघून जातात, थर कडक होतो. त्यात औषधाचा दोष फारसा नव्हता.

पकडीचं मात्र तसं नव्हतं. जास्त औषधाच्या पट्ट्या खेचल्या की लायनर बेसवरून (कवळीच्या कडक प्लास्टिकवरून) सालीसारखं स्वच्छ निघून यायचं. साध्या पट्ट्यांत लायनर मधेच फाटून थोडं बेसला चिकटून राहायचं. औषध विरघळून बाहेर पडतं तिथे पोकळी उरते, आणि पाणी आत शिरतं. बुरशी मारायला जास्त औषध बरं वाटतं, पण प्रमाण ठरवावं ते पकड बघून, असं माझं मत झालं.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग हे पेशंटच्या तोंडात किती दिवस?" मी म्हटलं, "सर, साधारण दोन आठवडे. बुरशीचा उपचार संपला की काढायचं आणि कायमचं लायनर लावायचं." त्यांनी पुढचं पान उलटलं.