काकडा, पिन आणि उघडी खिडकी

जानेवारीत ग्वाल्हेरच्या फरशीवर अनवाणी पाय टाकणारा माणूस बहुधा पाहुणा असतो. त्याच महिन्यात सकाळी सहाला आमचं सिलिंडर संपलं आणि टांडावरचा पितळी स्टो खाली आला. (टांड म्हणजे माळा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्म गेला की मराठीत असे शब्द मुरतात.) बाटलीत जुनं रेशनचं रॉकेल होतं, निळं. काळ्या बाजारात गेलं तर ओळखू यावं म्हणून ते रंगवायचे.

पंप मारतोय, पण हवाच भरेना. आई रजईतून म्हणाली, "वायसर वाळला असेल, तेलाचं बोट लाव." दांडा ओढून काढला. टोकाची कातडी वाटी सुक्या अंजिरासारखी आक्रसलेली. गोडेतेल चोळलं, कडा जरा फाकवल्या, तेव्हा कुठे पंप हाताला जड लागला.

स्टोत रॉकेल तेल म्हणून जळतच नाही. तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, ती केसाएवढ्या भोकातून सुसाट निघते आणि हवेत मिसळून निळी जळते. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ मध्ये ही बिनवातीची, बिनकाजळीची करामत प्रायमस नावाने आणली. बिनकाजळीची, पण धीर धरणाऱ्यासाठी! पुण्याची मावशी एका काकड्यात (बर्नर तापवायची रॉकेलात भिजवलेली पेटती चिंधी) स्टो पेटवायची. इथल्या थंडीत दोन लागतात. मी एकावर भागवलं. हातभर पिवळा भडका उठला आणि पातेल्याचं बूड काळं झालं.

दुसऱ्या काकड्याला फरफर सुरू झाली. "आवाज फाटतोय, भोकात पिन कर," पुन्हा रजईतून. तिने स्टोकडे अजून पाहिलंही नव्हतं.

दूध आलेलं नव्हतं, म्हणून आंघोळीचं पाणी ठेवलं आणि दोघं शेकत बसलो.

"खिडकी उघड."

"अगं, बाहेर चार डिग्री आहे!"

"असू दे."

बरोबरच होतं तिचं. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचला तर त्याला वासही नसतो. मग काय, छाती भाजतेय आणि पाठ गारठतेय, असे बसून राहिलो.

पाणी उकळलं. चावी फिरवून हवा सोडली, फुस्स! त्या शांततेत कळलं, बेल वाजतेय. दारात दूधवाला, कानटोपीतून नुसतं नाक बाहेर.

"भाईसाब, दस मिनट से बजा रहा हूं."