पाया एक, बाजू दोन, माथा तीन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आठवणी लिहाव्यात, ही रीत. शाळेचं माझ्यावरचं ऋण मात्र चित्रकलेच्या वर्गातलं आहे. म्हणून आज त्या बाकांवर बसणाऱ्या मुलांच्या हाती थेट उपयोगी पडेल असं काही द्यावं, असं मनापासून वाटलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना आपण संकल्पचित्र आणि कर्तव्य भूमिती वेगवेगळी सोडवतो. भौमितिक अमूर्त चित्रात, म्हणजे वस्तू न दाखवता नुसत्या आकारांनी आणि रंगांनी रचलेल्या चित्रात, ती दोन्ही एकाच कागदावर भेटतात.

चित्रकार जोसेफ आल्बर्स यांचंच उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत ते आधी विद्यार्थी होते, मग शिक्षक झाले. १९३३ मध्ये ती संस्था बंद पडली आणि ते अमेरिकेला गेले. साठी उलटल्यावर, १९५० साली, त्यांनी ‘होमेज टू द स्क्वेअर’ (चौरसाला मानवंदना) ही मालिका सुरू केली आणि १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत हजारावर चित्रं केली. प्रत्येक चित्रात एकात एक बसवलेले तीन किंवा चार चौरस. बाकी काहीही नाही.

चौरस मधोमध नसतात, खाली सरकलेले असतात. दोन चौरसांमधलं अंतर खाली एक भाग, दोन्ही बाजूंना दोन-दोन भाग आणि वर तीन भाग. २० सेंमीचा चौरस घ्या. खाली १, बाजूंना २, वर ३ सेंमी सोडलं की आतला चौरस १६ सेंमीचा येतो. तसंच पुढे १२ आणि मग ८. आखणी बरोबर आहे का, हे तपासायची एक सुंदर युक्ती आहे. तळाच्या बरोबर मध्यापासून ५ सेंमी वर एक बिंदू घ्या आणि बाहेरच्या चारही कोपऱ्यांपासून तिथपर्यंत पुसट रेषा ओढा. आतल्या सगळ्या चौरसांचे कोपरे या रेषांवरच पडले पाहिजेत. एखादा कोपरा रेषेबाहेर गेला, तर माप तिथे चुकलं. चारही बाजूंना सारखं अंतर ठेवून एकदा मुद्दाम करून पाहा. चित्र नेमबाजीच्या फळीसारखं थिजून जातं. खालचं अंतर कमी केलं की चौरस जमिनीवर टेकल्यासारखे वाटतात, आणि तरीही नजर आत खेचली जाते. कागदावर पोकळी तयार होते ती अशी, सावली न देता.

पण ती पोकळी खोल वाटेल की फुगीर, हे रंग ठरवतो. इथे बहुतेकांचं गणित बिघडतं. लाल, पिवळा, निळा असे तीन भडक रंग जवळजवळ बसवले की तिघेही पुढे येतात, मागे कुणीच जात नाही. एकच रंग तेजस्वी ठेवा, बाकीचे मळवून घ्या, म्हणजे त्यांचं तेज कमी करा. मात्र पिवळा मळवायला काळा घालू नका, तो हिरवट होतो. चिमूटभर जांभळा किंवा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घाला. दोन शेजारी रंगांची उजळता सारखी झाली की त्यांच्यातली कड विरघळते. मग रेघ कितीही काटेकोर मारलेली असो, ती दिसत नाही. डोळे अर्धवट मिटून पाहा किंवा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा, लगेच कळतं. कधी कधी अशी विरघळणारी कडच हवी असते, आणि आल्बर्स तिचा फार नाजूक वापर करतात. रंगीत कागदाच्या एकाच तावातून ३ सेंमीचे दोन तुकडे कापा. एक गडद हिरव्यावर ठेवा, एक पिवळ्यावर. ते एकाच तावाचे आहेत, यावर विश्वास बसत नाही.

रंग किती दिसतो, याचाही हिशेब असतो. वरच्या मापात बाहेरचा पट्टा १४४ चौरस सेंमी दिसतो, पुढचे ११२ आणि ८०, मधला चौरस फक्त ६४. डच चित्रकार मोंद्रियान यांच्या १९३० च्या लाल-निळ्या-पिवळ्या रचनेत लाल रंगाने बरीचशी जागा व्यापली आहे, निळा खालच्या कोपऱ्यात आणि पिवळ्याची नुसती चिंचोळी पट्टी. तरी तोल ढळत नाही.

आता रंगकाम. पोस्टर कलर दाट ताकाइतका पातळ करा. पाणी जास्त झालं तर ओघळ आणि डाग पडतात, कमी झालं तर ब्रशच्या रेघा उठतात. दोन थरांना पुरेल इतका रंग एकदमच कालवा. तीच छटा पुन्हा जमत नाही. वाळल्यावर फिकट छटा किंचित गडद होते आणि गडद छटा उजळते, म्हणून आधी कागदाच्या पट्टीवर लावा, वाळू द्या, मगच ठरवा. दुसरा थर चटकन द्या, एकाच जागी घासू नका, नाहीतर खालचा रंग सुटून वर येतो. कडेला रुलिंग पेन (रंग भरून रेघ मारायचं दोन पात्यांचं पेन) वापरा आणि पट्टी उलटी धरा. सपाट कड कागदाला टेकली की रंग तिच्याखाली शोषला जातो. ॲक्रिलिकला मास्किंग टेप चालते; आधी टेपच्या कडेवर खालचाच रंग फिरवा, म्हणजे झिरपायचं ते तोच रंग झिरपतो. टेप कपड्यावर एकदा चिकटवून घ्या, नाहीतर कागद सोलवटतो. घाईने जाड थर चढवू नका. रशियन चित्रकार मालेविच यांच्या १९१५ च्या काळ्या चौरसावर आज भेगांचं जाळं दिसतं. त्याच्याखाली आधी रंगवलेलं दुसरं चित्र आहे.

आल्बर्स स्वतः टेप वापरत नसत. हार्डबोर्डच्या खडबडीत बाजूवर पांढऱ्याचे थर देऊन ते ट्यूबमधला रंग पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, तसाच लावत. सुरुवात मधल्या चौरसापासून. घरं रंगवणाऱ्या वडिलांकडून ते हे शिकले होते. दरवाजाही मधूनच रंगवत बाहेर यायचं, म्हणजे बाही रंगात लडबडत नाही. रंगावर रंग चढवायचा नाही, शेजारी शेजारी ठेवायचा, हाही त्यांचा रिवाज. त्यामुळे पांढरा तळ प्रत्येक रंगाला खालून उजेड देतो.

आपल्याकडे चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईच्या जे. जे. त आले आणि पुढे पॅरिसला गेले. त्यांच्या चित्रांतला काळा बिंदू प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्यापासून आलेला आहे. चंचल मुलाचं मन एका जागी बसावं म्हणून गुरुजींनी तो काढला होता.

चित्र पुरं झालं की ते खिडकीच्या उजेडात पाहा, मग ट्यूबलाइटखाली. कड एकीकडे स्पष्ट आणि दुसरीकडे पुसट दिसली, तर छटा अजून पक्की ठरलेली नाही. मग उलटं करून मागे पेन्सिलीने आतून बाहेर क्रमाने लिहून ठेवा: कोणता रंग, कोणत्या कंपनीचा, किती थर. आल्बर्स दर चित्रामागे रंगांची अशी नोंद करत.