खिडक्या का बदलत नाही?

दर थंडीत कुणीतरी विचारतंच : इंग्लंडमधल्या या रेडिंग गावात नवी, उबदार घरं मिळत असताना तुम्ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या या घरांच्या ओळीत का राहता? निदान खिडक्या तरी बदला!

घर ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या वारसा वास्तूंच्या सरकारी यादीतलं. परवानगीशिवाय खिडकी बदलणं हा फौजदारी गुन्हा. पूर्वी एवढं सांगून मी विषय संपवायचे. पण ते अर्धंच उत्तर होतं.

आमची दर्शनी भिंत जवळून बघा. लाल विटांमधल्या राखाडी विटा ही वरून काढलेली नक्षी नाही. एक वीट लांबीने, पुढची टोकाने, अशी रचना आहे. राखाडी दिसतं ते आत आडव्या गेलेल्या विटेचं भट्टीत जास्त भाजलेलं टोक. नऊ इंची सलग भिंत त्याच विटा बांधून धरतात. ओल विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून सुकते; तिथे सिमेंट भरलं की ती विटेत अडकते आणि गोठल्यावर विटेचे पापुद्रे उडवते. खिडकीच्या पोकळ चौकटीत दोरीला वजनं लटकतात, म्हणून जड तावदान एका हाताने वर जातं. हे उपटून प्लास्टिक बसवायचं?

बसवायचं होतं मला. बाबा गेल्यावर आई साताऱ्याहून आली, ऐन जानेवारीत. तिला रस्ता बघत बसायचं असे, म्हणून पुढची खोली दिली. स्वेटर, त्यावर शाल, कानटोपी, आणि तरी खिडकीच्या फटीतून येणारा वारा. पायाची बोटं सुजून लाल झाली. मी डबल ग्लेझिंगसाठी, म्हणजे दुहेरी काचेच्या खिडक्यांसाठी, अर्ज केला, नकार आला. त्या पत्राचा मला आजही राग येतो. रात्री फटीत वर्तमानपत्र कोंबताना आई म्हणाली, "अगं, घर देखणं आहे तुझं. पण मला इथं नाही गं निभणार." मुक्काम आवरता घेऊन ती गेली. पुन्हा आली नाही.

नंतर त्या खोलीत आतून दुसरी काच बसवली. वारा थांबला. हे आधी का सुचवलं नाही कुणी?

तर तुमचं उत्तर. उद्या मंजुरी आली तरी खिडकी बदलणार नाही. आईसाठी तेव्हा बदलली असती, आणि या भिंतीबद्दल आज जे कळतं ते सगळं कळत असूनही बदलली असती.