रव्याचा डबा आणि अनुप कुमारचा बोनस

आमच्या घरात रव्याचा एक डबा आहे. स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला. पोटावर कोरलंय, ‘उत्कृष्ट पकड, १९७६’. खाली मंडळाचं नाव होतं, ते आईने घासून घासून घालवलं. आई त्या डब्याला नुसतं ‘पकड’ म्हणते. “पकडीत रवा किती उरलाय बघ गं.” नवीन माणसाला वाटतं हिचं काहीतरी बिनसलंय, कारण दुसरी पकड शेगडीजवळ खिळ्याला लटकलेली असते.

डबा बाबांना मिळालेला. बाबा गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. नोकरीच मुळी खेळावर लागली होती. सकाळपाळी करून संध्याकाळी मातीत उतरायचं. डावा कोपरा, म्हणजे चढाईला आलेल्याचा घोटा धरणारा डाव्या टोकाचा गडी. मग १९८२ चा संप आला, गिरणी गेली, तिच्याबरोबर संघही गेला, आणि बाबा एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. त्यानंतर त्यांनी कबड्डीचं नाव काढलं नाही. मी लालबागच्याच एका मंडळातून खेळायला लागले, तीही डावा कोपरा, तेव्हा ते माझे सामने बघायला यायचे. पण मैदानाच्या कडेला नाही, पार मागे, भेळवाल्याच्या गाडीआड. घरी आल्यावर एवढंच, “घोटा सोडलास.” दहा पकडी केल्या तरी जो एक घोटा सुटला तोच त्यांच्या लक्षात. शाबासकी हा शब्द आमच्या घरात बहुतेक रेशनवर होता.

२६ जुलै म्हटलं की मुंबईकराला २००५ चं पाणी आठवतं. आमच्या घरात मात्र २०१४ ची २६ जुलै आठवते. त्या रात्री प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, वरळीच्या एनएससीआय स्टेडियमच्या डोममध्ये, आपला मुंबईचा यू मुम्बा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. माझं लग्न झालेलं, पोरगा तीन वर्षांचा, सासर काळाचौकीला. पण सामना बघायला मी माहेरी आले, कारण सासऱ्यांना आठ वाजता बातम्या लागतात.

आईची मालिकाही आठलाच. बाबांनी लग्नानंतर पहिल्यांदाच रिमोट हातात घेतला असावा. आई काही बोलली नाही, नुसती लसूण सोलत बसली, जरा जोरात.

आणि मग पडद्यावर काळोख, त्यातून निळे-जांभळे झोत, धूर, ढोल, आणि एकेक खेळाडू बोगद्यातून पळत बाहेर. आम्ही तिघं गप्प. आम्हाला माहीत असलेली कबड्डी म्हणजे पिवळा बल्ब, फक्कीच्या रेषा, कर्कश भोंगा, आणि ‘वहिनींनी मुलांना आत घेऊन बसावे’ अशी सूचना. बाबांचं पहिलं वाक्य होतं, “बूट घालून?” दुसरं, “माती कुठाय?” आणि पाच मिनिटांनी तिसरं, “आवाज वाढव.”

मला वाटलं समालोचन ऐकायचंय. तसं नव्हतं. त्यांना चढाई करणाऱ्याचा दम ऐकायचा होता. त्या गोंगाटातून, त्या गाण्याबजावण्यातून पोरगा ‘कबड्डी कबड्डी’ नीट म्हणतोय का, हे ते कान लावून ऐकत होते. “हा बघ, हा पुटपुटतोय. आमच्या वेळी पंचाने आत पाठवला असता.” ३० सेकंदांचं घड्याळही त्यांना पटेना. दम असेल तोवर चढाई, हा त्यांचा हिशेब. पण तिसऱ्या चढाईचा नियम, म्हणजे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच नाहीतर बाद, तो मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडला. “वेळ काढणाऱ्यांची बरी जिरवली.”

यू मुम्बाने तो सामना ४५-३१ असा जिंकला. स्कोअर मी नंतर कुठेतरी वाचला. त्या रात्रीचा मला आठवतो तो अनुप कुमार.

अनुप कुमारबद्दल मी तासभर बोलू शकते, घरचे बोलू देत नाहीत. यू मुम्बाचा कर्णधार, हरियाणा पोलिसातला. अंगाने फार दणकट नाही, उड्या नाहीत, ओरडणं नाही, मांडीवर थाप मारून मिरवणं तर नाहीच. राहुल चौधरी वाऱ्यासारखा यायचा, अजय ठाकूर बेडकासारखा उडायचा, आपला सांगलीचा काशिलिंग आडके अंगावरच जायचा. आणि अनुप? बाजारात भाजी बघत फिरणाऱ्या माणसासारखा प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात हिंडायचा. कोपऱ्याकडे बघायचा, हसायचा, परत मध्ये यायचा. समोरच्याला वाटायचं हा आता काही करत नाही, तेवढ्यात पायाचा अंगठा बोनस रेषेपलीकडे टेकून, एक जादा गुण घेऊन मोकळा.

बोनस कसा होतो ते आईला कळेना. मग बाबा उठले. आमची खोली दहा बाय बारा. लाद्यांच्या रेघा आहेतच. कपाटाकडून तिसरी रेघ ही बोनस रेषा, असं ठरलं. समोर सहा गडी पाहिजेत, नाहीतर बोनस नाही. एक पाय रेषेपलीकडे टेकायचा आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत पाहिजे. ६३ वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या माणसाने लुंगी वर खोचून तो पाय टाकला. मागचा पाय उचलला, तोल गेला, आणि हात थेट मिक्सरवर. आई म्हणाली, “अहो, मिक्सर बाद झाला असता.” बाबा हसले. संपानंतर मी त्यांना कबड्डीवरून हसताना बघितलेलं नव्हतं. म्हणजे संपानंतरच जन्मले मी, पण तुम्हाला कळलं असेल.

पुढचा महिनाभर रोज रात्री आठ ते दहा आमची खोली भरलेली. बाबांचे जुने सवंगडी यायचे. एकाचा खांदा अजून निखळतो, एक दोन्ही कानांनी बहिरा, पण दम तुटला की त्यालाच आधी कळायचं. त्यांचा लाडका सुरेंदर नाडा, कारण तो डावा कोपरा आणि घोटा धरला की सोडत नाही. माझा अनुप. शेजारच्या पोरींचा रिशांक देवाडिगा, कारण तो आपला सांताक्रूझचा, दिसायला देखणा, आणि गुण मिळाला की नाचायचा. विशाल मानेही मुंबईचा. त्याला पडद्यावर बघून एक काका म्हणाले, “ह्याला मी समोर खेळताना बघितलाय रे!” आणि रडायला लागले. साठी ओलांडलेला माणूस, हातात चहाचा कप.

त्या पहिल्या वर्षाची मजाच ती होती. ही माणसं अजून पुरती ‘स्टार’ झालेली नव्हती. मुलाखतीत माइक तोंडाला चिकटवायची, नाहीतर हातभर लांब धरायची. प्रश्न इंग्रजीत आला की कर्णधाराकडे बघायची. बोगद्यातून धावत येताना अर्ध्यांना हात हलवायचा की नमस्कार करायचा ते ठरत नव्हतं. सामना संपला की विरोधी संघातल्या मित्राच्या गळ्यात पडायची, कारण दोघं उद्या एकाच खात्यात ड्युटीवर. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, सैन्यदल. बाबांना ते फार ओळखीचं वाटायचं. त्या वर्षी लिलावात सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. त्याचं पोस्टर घरोघर लागलं नसेल, पण आमच्या कट्ट्यावर तो आकडा महिनाभर गाजला. २०१८ ला मोनू गोयतचे दीड कोटीच्या वर गेले, २०२३ ला पवन सेहरावतचे दोन कोटी साठ लाख. बाबांना आकडे वाचून दाखवले की ते डब्याकडे बघतात आणि म्हणतात, “रवा तरी भरून द्यायचा त्यांनी.”

अंतिम सामना ३१ ऑगस्टला होता. आणि त्या वर्षी गणपती बसले होते २९ ला. तिसरा दिवस, रविवार, आणि आमचं घर लालबागमध्ये. ज्यांना लालबाग माहीत नाही त्यांना कसं सांगू. खाली राजाची रांग, घरात बदलापूर, विरार, पार सावंतवाडीपर्यंतचे पाहुणे, बाथरूमला नंबर. त्यात आठच्या आरतीची वेळ आणि सामना गाठीला गाठ. बाबांनी आयुष्यात प्रथमच आरती साडेसातला घेतली. ‘घालीन लोटांगण’ इतक्या वेगात झालं की भटजीकाकांच्या डोळ्यांत प्रश्न दिसले. एवढं करून हरलो. जयपूर ३५, आपण २४. सावंतवाडीच्या आत्याने विचारलं, “कोण गेलं रे?” इतकी आमची तोंडं पडलेली.

पुढच्या वर्षी मात्र आम्ही प्रत्यक्ष गेलो. २३ ऑगस्ट २०१५, अंतिम सामना, बेंगळुरू बुल्स समोर. मंडळातल्या एकाने दोन पास दिले. लालबागहून टॅक्सी, सात रस्ता, महालक्ष्मी, रेसकोर्सच्या कडेने हाजी अलीकडे. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात पेन लावलं होतं, कशाला ते त्यांनाच माहीत. आत एसी इतका की त्यांनी माझी ओढणी मागून गळ्याला गुंडाळली. चारी बाजूंना केशरी रंग. आणि तिथे टीव्हीवर न कळलेली एक गोष्ट कळली, मॅटवर अंग आपटल्याचा आवाज. मातीत धप्प होतं, तिथे फट्ट होतं. प्रत्येक फट्टला बाबांचा खांदा हलायचा. ३६-३० ने जिंकलो. सगळे नाचत होते. बाबा बसूनच होते, दोन्ही तळवे मांडीवर, मॅटच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत. मी नाचले. चांगली खणखणीत नाचले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

२०१६ च्या पावसाळ्यात, पुरुषांच्या चौथ्या मोसमाबरोबर, बायकांची कबड्डी टीव्हीवर आली. विमेन्स कबड्डी चॅलेंज. तीनच संघ. फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. नावं ऐकून वाटावं फटाक्यांची दुकानं. कर्णधार ममता पुजारी, अभिलाषा म्हात्रे आणि तेजस्विनी बाई. अभिलाषा आमच्या मुंबईची. २०१२ ला पाटण्याला बायकांचा पहिला विश्वचषक जिंकलेल्या भारताच्या संघातली. तेच झोत, तोच धूर, तोच बोगदा, आणि त्यातून वेणी घट्ट आवळलेल्या पोरी धावत बाहेर. मी ३३ वर्षांची, पतपेढीत कॅशला बसणारी बाई, डब्यातली पोळी हातात तशीच धरून बघत राहिले. माझ्याबरोबर खेळलेल्या पोरींना फोन लावले. एक दहिसरला पाळणाघर चालवते, एक पोलिसात आहे, एकीने फोनवर नुसतं “बघतेय, बघतेय, ठेव” म्हणून कट केला.

महिनाभर चाललं. ३१ जुलैला हैदराबादला अंतिम सामना, स्टॉर्म क्वीन्सनी तो एका गुणाने मारला. आणि संपलं. ती स्पर्धा त्या रूपात पुन्हा आली नाही. पुरुषांचे मोसम पुढे वाढत गेले, संघ आठाचे बारा झाले. बायकांचं दार एकदाच किलकिलं झालं. कारणं असतील, जाहिराती, प्रेक्षक, काय ते. मला विचाराल तर ज्या खेळात आपल्या बायकांनी २०१० ला आशियाई सुवर्ण आणलं, त्याला एक महिना देऊन निकाल लावणं म्हणजे पहिल्याच चढाईला दिवे घालवणं.

बाकी, एनएससीआय आमच्या घरात आणखी एकदा आलं. २०२० च्या जुलैत बाबांना करोना झाला आणि त्यांना नेलं ते नेमकं त्याच डोममध्ये, तेव्हा तिथे कोविड केंद्र होतं. दोन दिवस आम्ही जिवाच्या आकांताने फोनकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मास्कच्या वर नुसते डोळे. “बाय, माझी खाट कुठाय माहितीये? मी पावलं मोजली. डाव्या कोपऱ्यात.” मागे ओळीने खाटा, वर तेच छत. मी म्हटलं, “बाबा, जास्त बोलू नका, धाप लागेल.” तर म्हणाले, “दम आहे अजून.” बारा दिवसांनी घरी आले.

आता ते ७४ चे. नवीन मोसम लागतो तेव्हा बघतात, पण दुसऱ्या सत्रात डोळा लागतो. पोरं फार तयार झालीत, म्हणतात, सगळी एकसारखी हसतात. अनुप २०१८ ला निवृत्त झाला तेव्हापासून बोनस बघावासा वाटत नाही म्हणे.

मागच्या रविवारी मी फोनवर २०१६ मधली बायकांच्या सामन्याची एक क्लिप काढून त्यांच्या हातात दिली. तेजस्विनी बाईची चढाई. ती कोपऱ्यात शिरते, डाव्या कोपऱ्यातली पोरगी घोट्यावर झेपावते, घोटा हातात येतो आणि निसटतो. बाबांनी तीनदा बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

“तू असतीस तर सोडला नसतास,” म्हणाले. आणि फोन माझ्याकडे देऊन आईला चहा टाकायला सांगितला.

मी काही बोलले नाही. खरं सांगते, तो घोटा मीही सोडला असता.