हायडेलबर्गची बशी, मंगळवार पेठेतल्या वाती

गुरुवारी सकाळी सातला मी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत पोहोचते, तेव्हा कोल्हापुरात साडेदहा वाजलेले असतात आणि बाबांनी आईच्या सलाईनच्या बाटलीचा फोटो पाठवलेला असतो. बाटलीवरच्या चिठ्ठीवर ‘पॅक्लिटॅक्सेल’ असे लिहिलेले असते. तेच नाव माझ्या फ्रीजमधल्या इवल्या कुप्यांवरही आहे, कारण स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी या औषधाला काही काळाने दाद का देईनाशा होतात, हाच माझ्या पीएचडीचा विषय आहे. तो मी आईच्या कर्करोगाच्या निदानाच्या दोन वर्षे आधी घेतला होता. नातेवाइकांना ते उलटेच वाटते आणि मीही आता खुलासा करत बसत नाही.

या औषधाची हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगलांतील यू नावाच्या झाडाच्या सालीतून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळे काढले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि वेळ येताच मोडला जातो. हे औषध तो मोडूच देत नाही, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. पेशी अर्ध्या वाटेवर अडकते आणि मरते. आईला हे सारे फोनवर समजावले, तेव्हा तिच्या लक्षात राहिले ते नंदुरबार तेवढे.

हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात मिसळतात. त्याची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीची इंजेक्शने देतात. यावर आई म्हणाली, “जन्मभर तुम्हाला एरंडेल पाजलं, ते आता माझ्यावर उलटलं व्हय!”

सहाव्या डोसनंतर तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आई रोज संध्याकाळी देवघरापुढे बसून फुलवाती वळते. अंबाबाईच्या देवळात द्यायच्या वेगळ्या आणि घरच्या वेगळ्या. “चिमटीत कापूस आहे का नाही, तेच कळंना झालंय गं,” ती म्हणाली, आणि लगेच, “डॉक्टरांना सांगू नका, डोस कमी करतील.”

मज्जातंतूंच्या लांबलचक धाग्यांतूनही अशाच नळ्यांवरून रसद वाहत असते आणि या औषधाने ती अडते, त्यामुळे सर्वांत लांबचे तंतू जिथे संपतात ती हातापायांची बोटे आधी बधिर होतात, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. पण पेशी वाढवायच्या माझ्या प्रयोगशाळेतल्या बशीत मज्जातंतू नाहीत. तिथे आहेत त्या १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या पेशींच्या वंशातल्या पेशी. सदतीस अंशांच्या उबेत त्या वाढतात आणि त्यांतल्या निम्म्या मरायला औषध किती लागते, ते मी मोजते. औषध वाढवले की मरणाऱ्या पेशी वाढतात, हा आलेख इतका पाठ झाला आहे की आई “डोस कमी करतील” म्हणाली, तेव्हा क्षणभर मलाही वाटले, सांगूच नये. तो विचार मनात आल्याची लाज मला अजून वाटते. बशीतल्या पेशींना वाती वळायच्या नसतात.

मी बाबांना फोन करून सगळे डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगितले. त्यांनी डोस थोडा कमी केला आणि दर वेळी बोटांविषयी विचारायचे ठरवले. त्यापलीकडे मी कोणताही सल्ला दिला नाही, आणि “तू तिथंच आहेस तर नवीन औषध बघ की” म्हणणाऱ्या मामालाही उपचार तिथल्या डॉक्टरांचेच चालतील असे सांगितले.

वाती सध्या बाबा वळतात. परवा त्यांनी ताम्हणातल्या आपल्या कामगिरीचा फोटो पाठवला, तेव्हा मागून आईचा आवाज आला, “ह्या निरांजनात लावायच्या, का जोतिबाच्या सासनकाठीला बांधायच्या?”