कोण हसलं?

हॉलमध्ये आमची फिल्म चालू असताना अंधारात कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही, नाकातून फस्सकन सुटलेलं. आणि तेही कुठे, तर आप्पांच्या शॉटवर.

रात्रीचा दीड वाजून गेलाय. आज संध्याकाळी पाचला फिल्म द्यायची आहे, साउंडचं मिक्स अर्धवट पडलंय, श्रेयनामावलीत कोणाचं नाव कुठे यावरून डीके माझ्याशी धड बोलत नाहीये, बाबांचे मिस्ड कॉल पडलेत (त्याबद्दल आत्ता नको), आणि मी हे लिहीत बसलेय. ते फस्सकन काही डोक्यातून जात नाही.

सर जे बोलले ते चालेल. "रिव्हर्स ही १८९६ची युक्ती आहे. तुमचं काय आहे यात?" हे त्यांनी माझंच मला परत केलं. विषय मांडताना मीच ऐटीत सांगितलं होतं की फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या त्या भिंत पाडण्याच्या फिल्मची रीळ उलटी फिरवली की पडलेली भिंत धुरळ्यातून पुन्हा उभी राहायची. आणि ७ जुलै १८९६ला मुंबईत वॉटसन हॉटेलात सिनेमाचा जो पहिला खेळ झाला, त्याच्या यादीतही ही भिंत होती. म्हणजे आपल्याकडे सिनेमा आला तोच पाडापाडी घेऊन. सरांना ते आवडलं होतं तेव्हा. असो. टीका झाली की निदान उत्तर तरी देता येतं. हसण्याला काय देणार?

बरं, हसण्यासारखं त्यात आहे काय? एक म्हातारा माणूस सकाळच्या मंडईतून संथपणे पुढे चालत येतोय आणि त्याच्या भोवतीचं सगळं जग मागे चाललंय. सायकली मागे, हातगाड्या मागे, ओतलेले कांदे उड्या मारत पोत्यात परत. कोथिंबिरीवर मारलेलं पाणी बाईच्या ओंजळीत गोळा होतं. पाच मिनिटांच्या फिल्ममधला हा सव्वा मिनिट, विनाकट. याच्यासाठीच तर बाकीची फिल्म आहे.

आणि तो कसा काढलाय ते त्या हसणाऱ्याला कुठे माहीत आहे! आप्पांना खरोखर उलटं चालायला लावलं, त्या गर्दीत, रविवारी सकाळी, दगडी इमारतीबाहेर पालेभाजीवाल्या बसतात त्या गल्लीत. उलटं चालताना आधी चवडा टेकतो आणि मग टाच, त्यामुळे शॉट फिरवला की टाच आधी आणि मग चवडा, अगदी साधं चालणं दिसतं. पाय फसवतात. पकडून देते ती मान. मागे काय आहे ते बघायला ती आपोआप वळते. आप्पांनी मान वळवली नाही. सत्तरी उलटलेला माणूस पाठीमागच्या टोपल्या, खड्डे, गाड्या सगळं माझ्या भरवशावर सोडून समोर कॅमेऱ्याकडे बघत मागे मागे जात राहिला. मी बाजूने ओरडत होते, "आप्पा डावीकडे, आप्पा टोपली, आप्पा थोडं हळू." आवाज तसाही फेकूनच द्यायचा होता, मंडईचा वेगळा रेकॉर्ड केला होता.

त्या माणसावर कोणी हसावं?

संशयित माझ्याकडे बरेच आहेत. मागच्या रांगेतले सीनियर्स, डीकेचा रूममेट (तो कशालाही हसतो), किंवा ती. तिच्याबद्दल लिहिणार नाही. दिवे लागल्यावर मी एकेकाचा चेहरा बघत होते, मेल्याच्या घरी कोण रडलं नाही ते मोजणाऱ्या काकूंसारखी. सगळे गंभीर. "छान आहे" म्हणाले. छान आहे म्हणजे काय ते आता कळायला लागलंय.

आमचंच असं का होतं? बाकीच्यांच्या फिल्ममध्ये पंखा फिरतो, नळ ठिबकतो, खिडकीत मुलगी बसते आणि सगळे अवाक होतात. आम्ही माणूस उलटा चालवला, तर फस्सकन.

(पुढचं पहाटे पाचला.)

झोप येईना म्हणून फाईल उघडली. प्रॉक्सी नाही, मूळची. हे डीकेला सांगायला हवं, पण तो बोलेल तेव्हा. कॅमेऱ्याच्या फाईलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बऱ्याचशा फ्रेम्समध्ये आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे ती उलटी चालवली की लॅपटॉप धापा टाकतो. म्हणून आम्ही हलक्या, लहान प्रॉक्सी करून घेतल्या आणि पूर्ण एडिट त्यांच्यावर, तेरा इंची स्क्रीनवर केलं. प्रोजेक्टरवर मात्र मूळ फाईलवरून रेंडर केलेली फिल्म गेली.

मूळ फाईल सुलटी लावली, आवाजासकट. माझं ते ओरडणं. आप्पा दूर दूर जातायत. आणि उजव्या कोपऱ्यात, कोथिंबिरीच्या ढिगामागे, हिरव्या साडीतल्या मावशी. आप्पा समोरून उलटे गेले तशा त्या बघत राहिल्या, मग शेजारणीकडे वळल्या आणि कानशिलापाशी बोट गोल फिरवलं. नीट, सावकाश, दोनदा. आवाजही आहे: "काय बाई हे, म्हातारपणी!"

प्रॉक्सीत तिथे नुसता हिरवा ठिपका आहे. हॉलच्या पडद्यावर मावशी केवढ्या मोठ्या दिसल्या असतील! आणि मी इतके दिवस ज्या उलट्या जगाचं तत्त्वज्ञान सांगत फिरतेय, त्यात हा एकच इशारा असा निघाला की सुलटा चालवा नाहीतर उलटा, अर्थ तोच. बोट घड्याळाच्या दिशेने फिरलं काय आणि विरुद्ध फिरलं काय, माणूस वेडाच.

मी एकटी हसले. नाकातूनच. म्हणजे जो कोणी होता, तो फिल्म नीट बघत होता. कदाचित तो एकटाच.

काढता येईल. शॉट फोर-केमध्ये आहे, फ्रेम जरा आत घेतली की मावशी जातात. पण मग खालून आप्पांची पावलं कापली जातात, आणि पावलंच नसतील तर तो चालतोय की कोणी ओढत नेतंय? करून बघितलं. भिकार दिसतं. शिवाय आता मला तिथे मावशीच दिसतात. सरांनी विचारलं होतं ना, तुमचं काय आहे यात. ल्युमिएरकडे भिंत होती, मावशी नव्हत्या. हे त्यांना सांगायची हिंमत होईल असं वाटत नाही, पण उत्तर वाईट नाही.

मुख्य भीती आप्पांची होती. खाली दुधाच्या पिशव्या घ्यायला आले तेव्हा लॅपटॉप घेऊनच गेले आणि दाखवलं. चष्मा वर करून बघितलं त्यांनी.

"अगं, मला तोंडावरच म्हणाली ती. तू ओरडत होतीस, तुला ऐकू गेलं नसेल. नंतर मी तिच्याकडूनच कोथिंबीर घेतली. दहाला दोन जुड्या दिल्या."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"दहाला दोन?"

आता प्रश्न सहीचा. चेहरा इतका स्पष्ट दिसतोय म्हटल्यावर मावशींचं संमतीपत्र लागणार, आणि नाव विचारून घ्यावं लागणार, कारण डीके काहीही म्हणो, आप्पांच्या खालोखाल त्यांचंच नाव यायला हवं. आप्पा म्हणतायत मी बरोबर येतो, नाहीतर तो कागद वाचून ती तुझ्याकडे बघूनही बोट फिरवेल. सातला निघायचंय. मिक्स तसंच पडलंय. डीकेला उठवावं, की त्याने उठून स्वतःच फोन करायची वाट बघावी, ते ठरत नाहीये.